तळ्याच्या वरच्या उतारावर प्लॉट पडायला लागलेत, गावाने आत्ता काय करावं?

प्रश्न असा आहे : शहर वाढत वाढत तळ्याकाठच्या गावापर्यंत आलंय, वरच्या उतारावर प्लॉटिंग सुरू आहे, पाणी अजून चांगलं आहे. ते तसंच राहावं म्हणून काय करता येईल?

पाणी चांगलं आहे तोवर मोजायला लागा. पुढे पाणी हिरवं झालं की ‘ते आधीपासून तसंच होतं’ असं ऐकायला मिळतं आणि आधीचा आकडा कुणाकडेच नसतो.

पहिली मोजणी पाणी किती खोलपर्यंत नितळ आहे याची, तिला सेक्की तबकडी पुरते. २० सेंटीमीटर व्यासाची चकती, चार पाव भाग आलटूनपालटून काळे-पांढरे, खाली वजन आणि दर १० सेंटीमीटरला खूण केलेली दोरी. दोरी नायलॉनची नको, ओली झाली की ताणते आणि आकडा फसवतो. तळ्याच्या सर्वांत खोल जागी जाऊन, सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान, होडीच्या सावलीकडच्या बाजूने, गॉगल न लावता तबकडी खाली सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी लिहा. दर पंधरवड्याला, त्याच जागी. कार्लसन या तळ्यांच्या अभ्यासकाने १९७७ मध्ये यावरून शेवाळ किती माजलंय ते सांगणारा एक निर्देशांक बसवला. ४ मीटर दिसलं तर ४०, २ मीटर म्हणजे ५०, १ मीटर म्हणजे ६०. पन्नाशी ओलांडली की तळं खतावर माजायला लागलं असं धरतात. पाणी मातीने गढूळ असेल तेव्हा मात्र हा निर्देशांक लावू नका, तो शेवाळासाठी आहे. ‘आज गढूळ’ एवढी नोंद तरी हवीच.

दुसरी मोजणी एकूण फॉस्फरसची. गोड्या पाण्याच्या बहुतेक तळ्यांत शेवाळ किती माजेल हे मुख्यतः फॉस्फरसवर ठरतं. ५० या निर्देशांकाला लिटरमागे साधारण २४ मायक्रोग्रॅम फॉस्फरस असतो. इथेच बरेच जण फसतात. सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडून ‘०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी’ असा अहवाल येतो आणि गाव खूश होतं. पण ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, तेवढ्यात तळं कधीच बिघडून गेलेलं असतं. नमुना देण्याआधी विचारा : ५ ते १० मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता का? बाटली त्यांच्याकडूनच घ्या, घरी साबणाने धुतलेली नको, आणि नमुना बर्फात ठेवून न्या. तळ्याइतकाच तळ्यात येणाऱ्या ओढ्याचाही नमुना घ्या, तोही पहिल्या मोठ्या पावसात. वर्षभरातला बराचसा फॉस्फरस मोजक्या पावसांतच येतो, कोरड्या दिवशी ओढा साळसूद दिसतो.

आता वरचं बांधकाम. घरात माणसं राहायला येण्याआधीच पहिला तडाखा उघड्या पडलेल्या मातीचा बसतो. फॉस्फरस चिकटतो तो चिकणमातीच्या बारीक कणांना. दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जायला दोन मिनिटं घेतो, २ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे गाळखड्ड्यात वाळू थांबते आणि फॉस्फरस पुढे तळ्यात जातो. म्हणून माती उघडी पडू न देणं हाच खरा उपाय, पकडणं नंतरचं. सगळा उतार एकदम सोलू द्यायचा नाही. ज्या टप्प्यावर काम चालू आहे तेवढाच मोकळा, बाकीच्यावर गवत किंवा पेंढा.

पकडायचं साहित्यही नीट लागलं तरच कामाचं. गाळ अडवणारं कापड समपातळी रेषेवर लावतात, खालची कड १५ सेंटीमीटर चरात पुरतात आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवतात. कड पुरलेली नसेल तर पाणी कापडाखालून निघून जातं. काम करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे हे कापड ओढ्यात आडवं लावणं. पहिल्याच सरीत ते लोळतं. कापडाच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत गाळ साचला की उपसायचा. गाळखड्डा हेक्टरी सुमारे २५० घनमीटर धरा. हा आकडा वरवरचा नाही : एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडून सगळा वाहिला तर नेमकं इतकंच पाणी होतं. ट्रक बाहेर पडतात तिथे १५ मीटर लांब, १५ सेंटीमीटर जाड खडीचा पट्टा हवा, नाहीतर चाकांचा चिखल रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात.

घरं झाली की प्रश्न मैलापाण्याचा. सेप्टिक टँक फॉस्फरस फारसा काढत नाही, ते काम पुढच्या शोषखड्ड्याभोवतीची माती करते आणि तिचीही एक मर्यादा असते. शोषखड्ड्याच्या तळापासून भूजलापर्यंत निदान ६० सेंटीमीटर ते १ मीटर कोरडी माती लागते. तळ्याकाठी नेमकी तीच नसते. सर्वांत त्रासदायक म्हणजे सुट्टीपुरती बांधलेली घरं. वर्षात चाळीस दिवसांसाठी केलेल्या टाकीवर पुढे कुटुंब बारमाही राहायला येतं आणि टाकी तीच. गाळ आणि साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग भरला की उपसा, साधारण ३ ते ५ वर्षांनी. दाट वस्ती होणार असेल तर मलवाहिनी टाकून पाणी तळ्याच्या पाणलोटाबाहेर नेणं बरं. पण मलवाहिनी आली की आणखी घरांना परवानगी मिळणं सोपं होतं, म्हणून घनता किती ते आधी कागदावर बांधून घ्या. पाणलोटाचा सुमारे १० टक्के भाग छपरं आणि डांबराखाली गेला की ओढे बिघडायला लागतात.

मलवाहिनीचा उपयोग होतो हे सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनने दाखवलं. भोवतीच्या उपनगरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तळ्यात जायचं, १९५५ मध्ये तिथे निळ्या-हिरव्या शेवाळाची एक त्रासदायक जात दिसली. एडमंडसन या प्राणिशास्त्रज्ञाने इशारा दिला, १९५८ मध्ये लोकांनी मतदानाने योजना मंजूर केली, १९६३ ते ६८ दरम्यान सांडपाणी वळवलं आणि जेमतेम १ मीटरवर आलेली तबकडी पुढे पुन्हा कित्येक मीटर खोल दिसायला लागली. पण ते तळं खोल आहे, पाणीही काही वर्षांत बदलतं. उथळ तळ्यात तळाच्या गाळात बसलेला फॉस्फरस, बाहेरची आवक थांबल्यावरही, वर्षानुवर्षं पाण्यात सुटत राहतो. म्हणून फॉस्फरसची आवक चालू असताना तुरटी टाकणं, कारंजी लावणं किंवा गाळ काढणं यात पैसे घालवू नका.

पाण्यावर हिरवी साय दिसली तर काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवं वर तरंगताना दिसलं तर निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता मोठी. त्यातल्या काही जाती विष करतात आणि पाणी उकळून ते जात नाही. तपासणी होईपर्यंत गुरं त्या काठाला नेऊ नका.