जलसंपदा विभागात वरिष्ठ लिपिकाला नेमकं काय काम असतं?

धरणावर फिरायला मिळेल म्हणून येणार असाल तर येऊ नका, इथे फायलीच असतात. आमचं सिंचनाचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. रब्बी हंगाम 15 ऑक्टोबरपासून, आणि त्याच्या आगेमागे नमुना नंबर 7 चे, म्हणजे पाणीअर्जांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडतात. गट नंबर, पीक, क्षेत्र, मागची थकबाकी, सगळं ताडून बघायचं. शेतकऱ्याच्या खिशात घामाने मऊ पडलेला सातबारा उलगडताना घडीवर नेमका गट नंबरच फाटलेला असतो! पाणी कधी, किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची टिपणी आपणच करायची. बदल्या, पेन्शनची प्रकरणं आहेतच. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, सुटलं की मात्र फोन थांबत नाही: “भाऊसाहेब, वरच्यांचे ऊस भिजले, आमच्या टेलला, कालव्याच्या शेवटाला, थेंब नाही.” मग कालवा निरीक्षकाला गाठायचं.