ईमेलमधला ‘आपण’ नेमका कोण?

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देतो. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना असाइनमेंट लिहायला मदत करते. विभागाने तिला पीअर ट्यूटर नेमलं आहे. भेटीच्या वेळा, सूचना, शंका हे सगळं ईमेलवर चालतं आणि ते मराठीतच लिहायचं असं तिनं ठरवलंय. एका मुलाला तिनं पाठवलेला मजकूर असा:

‘नमस्कार. आपला निबंध वाचला. आपण दुसरा परिच्छेद नव्याने लिहू. आपल्याला तळटिपाही तपासाव्या लागतील. शुक्रवारपर्यंत आपण हे पूर्ण करू. कळावे.’

शुक्रवारी तो मुलगा ग्रंथालयात आला, वही उघडली आणि म्हणाला, “ताई, दुसरा परिच्छेद तुम्ही लिहिणार होत्या ना?” तिचा प्रश्न: माझं ‘आपण’ चुकलं का? मग ‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’? आणि शेवटचं ‘कळावे’ जुनाट वाटतं का?

मजकूर व्याकरणात कुठेही चुकलेला नाही, आणि मुलानं काढलेला अर्थही चूक नाही.

‘आपण’ संस्कृत ‘आत्मन्’वरून प्राकृतातल्या ‘अप्पण’मार्गे आला. मुळात तो ‘स्वतः’ या अर्थाचा. ‘आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला’ या म्हणीत तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. त्याचा दुसरा अर्थ ‘मी आणि तू मिळून’, म्हणजे ऐकणाऱ्याला सोबत घेणारा. तिसरा अर्थ आदराचा ‘तुम्ही’. ‘आपण आपला मसुदा आपल्याजवळ ठेवावा’ असं लिहिलं तर मसुदा कुणाचा आणि ठेवायचा कुणाजवळ, हे लिहिणाऱ्यालाच विचारावं लागेल.

बोलताना क्रियापद बरंचसं सांभाळून घेतं. ‘आपण भेटणार आहोत’ म्हणजे दोघं, ‘आपण भेटणार आहात’ म्हणजे समोरचा. ‘आपण लिहिला’ आणि ‘आपण लिहिलात’ यांतही तोच भेद. पण या दुसऱ्या जोडीत सगळा भार एका शेवटच्या ‘त’वर आहे, आणि बोलण्यात हा ‘त’ आपण सहज सोडून देतो. त्या मुलाचंच वाक्य बघा, ‘तुम्ही लिहिणार होत्या’. ‘होतात’ नाही. आणि ‘आपला’, ‘आपल्याला’, ‘आपल्या निबंधात’ या रूपांना तर असला आधारच नाही. ‘आपल्या निबंधात तीन संदर्भ कमी आहेत’ या वाक्यात निबंध कुणाचा हे सांगणारा एकही प्रत्यय नाही.

संभाजीनगरच्या रस्त्यावर, शहागंजात किंवा गुलमंडीवर, दखनी बोलणारा माणूस ‘अपन चलेंगे’ म्हणतो तेव्हा त्यात तो स्वतः असतो, आणि ‘आप’ म्हणतो तेव्हा समोरचा. दोन्ही शब्द त्याच ‘आत्मन्’चे, पण दखनीनं कामं वाटून दिली. देगलूर-बिलोली-धर्माबादकडे घरात तेलुगू बोलणाऱ्यांच्या तोंडात ‘मनमु’ आणि ‘मेमु’ वेगळे आहेतच: पहिल्यात ऐकणारा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला. मराठीतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा हाच भेद आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. हिंदीच्या ‘हम’ला तो जमत नाही. फक्त आपल्या ‘आपण’वर आदराचं ओझंही पडलं, तिथं गुंता होतो.

आता त्या ईमेलकडे. ‘आपण दुसरा परिच्छेद नव्याने लिहू.’ ‘लिहू’ असल्यामुळे इथला ‘आपण’ दोघांचा, यात शंका नाही. मग लिहिणाऱ्या ताईला काय म्हणायचं होतं? ‘तू लिही.’ ते थेट म्हणायला तिला अवघड वाटलं, म्हणून तिनं वर्गातला ‘आपण’ उचलला. शिक्षक म्हणतात, ‘चला, आपण वह्या उघडू, आपण हे उदाहरण सोडवू.’ वह्या मुलं उघडतात, उदाहरण मुलं सोडवतात. दवाखान्यातही तेच, ‘आपण ही गोळी जेवणानंतर घेऊ’, आणि गोळी रुग्णच घेतो. हा ‘आपण’ मायेचा आहे. सांगणं टोचू नये म्हणून सांगणारा स्वतःलाही कामात धरतो. समोरासमोर हे चालतं, कारण पेन कुणाच्या हातात आहे ते दिसतं. ईमेलमध्ये पेन दिसत नाही. रात्री खोलीवर मोबाइलवर हा मजकूर वाचणाऱ्या मुलाला फक्त क्रियापद दिसतं, आणि ते म्हणतं, दोघं मिळून.

आपल्या भागात तर ‘आपण बसूत’, ‘आपण करूत’, ‘चला जाऊत’ असं बोलतात. परभणी, नांदेड, बीडकडची ही ‘त’वाली रूपं कुणी अशुद्ध म्हणो, सोबतीचा अर्थ ती पक्की धरून ठेवतात. ज्या कानानं जन्मभर ‘करूत’ ऐकलं, त्याला ‘पूर्ण करू’मध्येही सोबतच ऐकू येणार.

पीअर ट्यूटरच्या कामात हा गोंधळ साधा राहत नाही. या कामाची पहिली अट हीच की लेखन विद्यार्थ्याचं राहिलं पाहिजे. ट्यूटर प्रश्न विचारतो, चूक कोणत्या जातीची आहे ते दाखवतो, एखादी तळटीप सोबत करून देतो, परिच्छेद लिहून देत नाही. ‘आपला निबंध’, ‘आपण लिहू’ अशी वाक्यं एकामागून एक आली की निबंध दोघांचा होतो. पुढे कुणी विचारलं की यातलं किती तुझं, तर त्या मुलाकडे ‘आपण लिहू’ असा लेखी पुरावा असेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं काम त्याचं सर्वनाम. मजकूर असा होईल:

‘तुमचा निबंध वाचला. दुसऱ्या परिच्छेदात मुद्दा आहे, पण तो चौथ्या ओळीनंतर सुटतो. तेवढा परिच्छेद तुम्ही नव्याने लिहून आणा. शुक्रवारी ४ वाजता ग्रंथालयात आपण तो सोबत वाचू. तळटिपा कशा द्यायच्या ते तेव्हा मी दाखवीन.’

यात तीन सर्वनामं आहेत आणि प्रत्येकाला एकच काम. ‘आपण’ फक्त जिथं दोघं खरंच एका टेबलाशी बसणार तिथं आला आहे, म्हणून त्याची ऊबही टिकली.

हा आदराचा ‘आपण’ आपल्याकडे कचेरीतून घट्ट झाला. ‘आपणांस कळविण्यात येते की’, ‘आपले स्तरावरून कार्यवाही व्हावी’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी वाचली आहेत. त्यात ‘आपण’ म्हणजे पत्र घेणाराच, दुसरा कुणी नाही, आणि लिहिणारा स्वतःला ‘हे कार्यालय’ म्हणवतो, त्यामुळे गफलत होत नाही. माझे वडील तहसिलात कारकून होते. शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. १९४८ नंतर सरकारी मराठी त्यांनी नोकरीत शिकली. मसुदा तपासताना ते प्रत्येक ‘आपण’खाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढायचे आणि विचारायचे, “हा कोण?” उत्तर दोन जणांवर गेलं की तो कागद परत जायचा. ईमेल पाठवण्याआधी हीच रेघ ओढून बघा, मिनिटही लागत नाही.

विभागप्रमुखांना किंवा प्राध्यापकांना लिहिताना मात्र हा कचेरीचा ‘आपण’ शोभतो, आणि तिथं स्वतःच्या गटासाठी ‘आम्ही’च हवा. ‘आम्ही तिघांनी या आठवड्यात ९ विद्यार्थ्यांची लेखनं पाहिली. आपण वेळ दिल्यास अहवाल दाखवू.’ इथं ‘आपण तिघांनी’ लिहिलं तर सरही तिघांत जाऊन बसतील. आणि विद्यार्थ्याच्या उणिवा सांगणाऱ्या ईमेलची प्रत सरांना जोडू नका. ज्याला लिहिलं त्याच्या विश्वासाचा तो प्रश्न आहे.

‘तू’ की ‘तुम्ही’? एका वर्षाचं अंतर, एकच वसतिगृह, कदाचित एकाच तालुक्यातले. कॅन्टीनमध्ये ‘तू’ येणारच आणि यावा. लेखी मात्र ‘तुम्ही’. ईमेल दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मनःस्थितीत पुन्हा वाचला जातो, पुढेही पाठवला जातो. त्या वेळी ‘तू अजून आणलं नाहीस’ हे फार कठोर वाटतं. त्यानं ‘ताई’ म्हटलं तर म्हणू द्या, ते नातं इथलंच आहे. ‘मॅडम’ म्हणायला लावू नका, तुम्ही त्याचे गुण देणाऱ्या नाही. सुरुवातीला ‘प्रिय’ नको. इंग्रजी पत्रांच्या सवयीनं तो आला, पण मराठीत त्यात जवळीक आहे, आणि अनोळखी मुलाला किंवा मुलीला ती अवघडवते. ‘नमस्कार’ आणि पुढे नाव पुरे. कुणी ‘जय भीम’ लिहिलं असेल तर उत्तरात आधी ‘जय भीम’, कुणी ‘सलाम’ लिहिला तर ‘सलाम’. नागसेनवनाच्या, म्हणजे बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराच्या, शेजारी शिकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

राहिलं ‘कळावे’. तो जुनाट नाही, पण त्याचं काम वेगळं. ‘कळावे’ म्हणजे एवढं तुम्हांला माहीत व्हावं, माझं सांगणं संपलं. ‘स. न. वि. वि.’नं सुरू झालेलं पत्र ‘कळावे, लोभ असावा’नं मिटायचं. ‘कळवावे’ म्हणजे मला उत्तर द्या. एका ‘व’चा फरक, आणि वाचणारा पहिल्यानंतर ईमेल बंद करतो, दुसऱ्यानंतर उत्तर लिहितो. शुक्रवारची वेळ त्याला जमते का हे तुम्हांला हवं होतं, तर ‘कळवावे’ हवा होता. त्याहून बरं ‘वेळ जमेल का, ते गुरुवारपर्यंत कळवाल का?’

‘कळवाल का’ मी मुद्दाम सुचवतो. या ‘-वे’ रूपात पूर्वी मागणंही असायचं. पसायदानात ‘मज द्यावें’ म्हणतात तेव्हा देणारा वर आणि मागणारा खाली. पण ‘हजर राहावे’, ‘नोंद घ्यावी’ अशा सूचनांनी त्याचा हुकूम केला. आज ‘मसुदा पाठवावा’ वाचताना मुलाच्या डोळ्यांपुढे नोटीस बोर्ड येतो. ट्यूटरला हुकूम करायचा नसतो. ‘पाठवा’ साधं आहे, ‘पाठवाल का’ मऊ आहे, आणि दोन्हीत नेमकं काम कुणाचं ते कळतं.

एक बारीक गोष्ट शेवटच्या ओळीची. वर सगळीकडे ‘तुम्ही’ आणि खाली ‘आपली विश्वासू’ असं करू नका, तो जुना ‘आपण’ मागच्या दारानं परत येतो. खाली नुसतं नाव लिहा, नावाखाली ‘पीअर ट्यूटर’ आणि विभाग, आणि त्याखाली ग्रंथालयात तुम्ही कोणत्या दिवशी किती वाजता भेटता ते.