घोड्याचा पावसाळी खुराक

प्रश्न : माथेरानात माझे दोन घोडे पर्यटकांसाठी चालतात. पावसाळ्यात धंदा मंदावतो, घोडे उभेच असतात. खुराक तोच ठेवू का? मागच्या जुलैत एकाचं पोट दुखलं होतं.

उत्तर : तोच ठेवू नका. काम निम्मं झालं की हरभरा आणि कोंडाही निम्मा करा. पण एका दिवसात नाही, आठ-दहा दिवसांत थोडा थोडा. उभ्या घोड्याला भरपूर दाणा घालून एकदम कामाला काढलं, की पुठ्ठे (मागच्या मांड्यांचे स्नायू) लाकडासारखे ताठतात आणि लघवी चहासारखी लाल होते. असं दिसलं तर घोडा चालवत नेऊ नका, जागेवरच डॉक्टर बोलवा.

पोटदुखीबद्दल मला संशय चाऱ्याचाच. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत पोटभर चारलं, की कडब्यावर राहिलेलं आतडं बिघडतं. सुरुवातीला अर्धाच तास चरू द्या, तेही सुका चारा खाऊन झाल्यावर. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा हवाच. दाणा कमी करा, हा नको. गंजी जमिनीवर नको, फळ्यांवर रचा. पेंढी सोडून नाकाशी धरा : कुबट वास आला किंवा पांढरी धूळ उडाली तर फेकून द्या. ‘झटकून घालतो’ म्हणणारे बरेच भेटतात. नंतर तेच खोकल्याचं औषध विचारायला येतात.

दिवाळीला गर्दी वाढेल तेव्हा दाणा वाढवायचा, तोही आधी काम वाढल्यावरच.