'पुरस्कार कार्यक्रमाचे पर्यवेक्षण' की आणखी काही?

प्रश्न एका भाषांतरकार मैत्रिणीचा आहे. अमेरिकेतल्या १९७९ च्या 'काँग्रेशनल अवॉर्ड' म्हणजे तिथल्या संसदेच्या युवा पुरस्काराच्या कायद्यावर तिला मराठीत टिपण लिहायचं आहे. 'राष्ट्रीय युवा पुरस्कार कार्यक्रमाच्या पर्यवेक्षणाचा कायदा' हे शीर्षक चालेल का, की 'पर्यवेक्षण' काढून 'देखरेख' घालावं, असं ती विचारते.

त्याआधी मी 'कार्यक्रम' काढेन. मराठीत 'पुरस्काराचा कार्यक्रम' म्हटलं की व्यासपीठ, शाल-श्रीफळ आणि लांबलेलं प्रास्ताविक डोळ्यांपुढे येतं. त्याची देखरेख म्हणजे मंडपवाला वेळेवर आला का ते बघणं! इथे प्रकार वेगळा आहे. साधारण चौदा ते तेवीस वयाच्या मुलामुलींनी समाजसेवा, स्वतःचा विकास, शारीरिक तंदुरुस्ती आणि भ्रमंती या चार गोष्टींत ठरलेली उद्दिष्टं पूर्ण करायची असतात. सुवर्णपदकासाठी समाजसेवेचे ४०० तास, पुढच्या दोन्हींचे २००-२०० तास आणि वर भ्रमंतीची मोहीम. हे काम निदान दोन वर्षांचं.

मग 'योजना'? ती ऐकली की आपल्याला अर्ज, अनुदान आणि तहसील कचेरी आठवते. या कायद्याने नेमलेलं मंडळ सरकारी यंत्रणेचा भाग नाही, असं कायद्यातच स्पष्ट म्हटलं आहे, आणि खर्चाचा भार मुख्यतः खासगी देणग्यांवर आहे. म्हणून 'उपक्रम' बरा.

'पारितोषिक' आणि 'बक्षीस' तर नकोतच, कारण इथे स्पर्धाच नाही. तास भरले, उद्दिष्ट गाठलं की पदक. शेजारच्याने किती केलं याच्याशी संबंध नाही. त्यामुळे 'पदक पटकावलं' हे क्रीडापानावरचं क्रियापदही इथे चुकीचं. साधं 'मिळवलं' म्हणावं. 'पुरस्कार' नावापुरता ठेवायला हरकत नाही.

आता मूळ शंका. 'पर्यवेक्षण' की 'देखरेख' हा प्रश्न ज्याच्यामुळे पडतो, त्या इंग्रजीतल्या 'ओव्हरसाइट'ला मराठीत एकच शब्द शोधत बसलो की फसायला होतं, कारण या कायद्यात कामं वेगवेगळ्यांकडे आहेत. रोजचं चालवणं मंडळाकडे. त्याला 'कारभार' किंवा 'संचालन' म्हणा. मंडळावरचे सदस्य नेमतात ते सिनेट या वरिष्ठ सभागृहातले बहुमतवाल्यांचे आणि अल्पमतवाल्यांचे नेते, आणि प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहाचे सभापती आणि तिथले अल्पमतवाल्यांचे नेते. मंडळाने दरवर्षी संसदेला द्यायचा तो 'अहवाल'. हिशेबांवर संसदेच्या लेखा कार्यालयाची नजर, ते 'लेखापरीक्षण'; आपल्या महालेखापरीक्षकांमुळे हा शब्द वाचकाच्या ओळखीचा आहे.

सगळ्यात पक्का लगाम मात्र मुदतीचा. मंडळ कायमचं नाही. ठरलेल्या तारखेला ते आपोआप संपुष्टात येतं आणि चालू ठेवायचं तर संसदेला पुन्हा कायदा करावा लागतो. २०१३ च्या ऑक्टोबरात असंच झालं. मुदत १ तारखेला संपली, ४ तारखेला नव्या कायद्यावर सही होऊन ती २०१८ पर्यंत वाढली. या कलमासाठी 'देखरेख' फारच मवाळ वाटते. तिथे सरळ 'मुदत' आणि 'मुदतवाढ' लिहावं.

'पर्यवेक्षण' मला इथे खटकतं. शाळेतला पर्यवेक्षक, परीक्षेच्या वर्गातला पर्यवेक्षक: वरचा माणूस खालच्याच्या कामावर उभा. संसद आणि हे मंडळ यांचं नातं तसं नाही. 'नियंत्रण' तर त्याहून जड. 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली', 'मोठ्या भावाच्या देखरेखीखाली' या वापरांत जवळून, सातत्याने पाहणं आहे, हुकूम सोडणं नाही. म्हणून शीर्षकात 'देखरेख' ठेवावी आणि आत प्रत्येक कलमाला त्याचा स्वतःचा शब्द द्यावा. फक्त यंत्राकडून भाषांतर करून घेणार असाल तर एकदा तपासा. 'ओव्हरसाइट'चा दुसरा अर्थ 'नजरचूक' असा आहे, आणि कायद्याच्या शीर्षकात ती आली तर पंचाईत.

मी शीर्षक असं देईन: 'अमेरिकी संसदेचा युवा पुरस्कार उपक्रम: कारभार आणि देखरेख यांचा कायदा'. अधिकृत नाव सांगायचं असेल तिथे 'अधिनियम', बाकी मजकुरात 'कायदा'. आणि 'काँग्रेस' हे अमेरिकी संसदेचं नाव पहिल्याच ओळीत उघडं टाकू नका. 'काँग्रेसचा युवा पुरस्कार' असं छापलंत, तर निम्मे वाचक चौकशीला दादरच्या टिळक भवनात जातील.