हाय-फायच्या ट्यूबा गिटार ॲम्पमध्ये लावाव्यात का?

प्रश्न असा आहे: वडिलांच्या गाणी ऐकायच्या जुन्या हाय-फाय ॲम्पमधून टेलिफंकन या जर्मन कंपनीच्या दोन ईसीसी८३, दोन ईसीसी८८ (या छोट्या, सिग्नल वाढवणाऱ्या ट्यूबा) आणि केटी८८ची (ही मोठी, स्पीकर चालवणारी ट्यूब) एक मॅच्ड, म्हणजे सारखी निवडलेली, जोडी निघाली. तुमच्याकडे दोन ईएल३४ (याही स्पीकर चालवणाऱ्या) असलेलं, मार्शल धाटणीचं ५० वॅटचं हेड, म्हणजे स्पीकर वेगळा असलेला गिटार ॲम्प आहे. या ट्यूबा त्यात घातल्या तर आवाज सुधारेल का?

ईसीसी८३ घाला. एकच, आणि तीही पहिल्या सॉकेटात, म्हणजे जिथे गिटारचा सिग्नल आधी येतो तिथे. बाकीच्या परत कापसात गुंडाळून ठेवा.

ईसीसी८३ आणि १२एएक्स७ ही एकच ट्यूब. पहिलं नाव युरोपातलं, दुसरं अमेरिकेतलं. हाय-फायची वेगळी आणि गिटारची वेगळी अशा जाती नाहीत. कमी खरखर करणाऱ्या, आतले दोन्ही भाग सारखे असलेल्या ट्यूबा निवडून बाजूला काढतात आणि त्यांचा भाव चढतो, एवढंच. टेलिफंकन खरी आहे का ते मात्र आधी बघा. तळाला पिनांच्या मधोमध पत्त्यातल्या चौकटसारखी खूण काचेतच उमटलेली असते. काचेवरचं छापील नाव बोटाने पुसलं जातं, आणि ज्याला फसवायचंय तो ते पुन्हा छापतोही. नावांचा घोळ तसाही मोठा आहे: जुनी मलार्ड ट्यूब इंग्लंडमधल्या लँकशायरच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातली, तर आज त्याच नावाने विकली जाणारी ट्यूब रशियातल्या सारातोवची.

हाय-फायवाला सरळपणासाठी (आत आला तसाच आवाज बाहेर) पैसे मोजतो, आपण वाकडेपणासाठी (फाटलेल्या आवाजासाठी). त्याच्या ॲम्पमध्ये ट्यूब आयुष्यभर मधल्या सरळ पट्ट्यात काम करते, वर निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा थोडा सिग्नल उलटा करून परत आत घालणं) तिच्या उरलेल्या चुका दाबतो. आपल्याकडे सिग्नल वाढवणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला (स्टेजला) इतका सिग्नल जातो की ग्रिड, म्हणजे ट्यूबमधली करंट आवरणारी जाळी, स्वतःच करंट ओढायला लागते आणि लाटेचं डोकं कापलं जातं. तिथे ट्यूबच्या मूळ सरळपणाला फारशी किंमत उरत नाही. शिवाय गिटारच्या जाड ईचा सूर ८२ हर्ट्झ, चोविसाव्या फ्रेटवरच्या बारीक ईचा साधारण १३२०. त्यावर हार्मोनिक्स असतात हे मान्य, पण १२ इंची गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. ज्या 'हवेदार' ट्रेबलसाठी लोक जुन्या ट्यूबांना सोन्याचा भाव देतात, ती तुमच्या कॅबिनेटमधून बाहेरच पडत नाही. सोनेरी पिनांचंही तेच. सॉकेटची पकड सैल असेल तर सोनं काय करणार?

मग पहिलं सॉकेट का? पिकअपमधून येतात मिलिव्होल्ट. या ट्यूबचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल वाढवायची क्षमता) १००, आणि तिने केलेली खरखर पुढच्या सगळ्या स्टेज वाढवत नेतात. शांत ट्यूबचे पैसे वसूल होतात ते इथेच. पण शांत म्हणजे फक्त खरखर नको एवढंच नाही, ती मायक्रोफोनिकही नको, म्हणजे हादरे लागले की तेही ऐकू येतील अशी नको. मी एकदा लांब प्लेटची (आतल्या लांब धातूच्या पत्र्याची) एक जुनी, महागडी ट्यूब कॉम्बोत, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या ॲम्पमध्ये घातली. घरी कमी आवाजात लाजवाब. स्टेजवर दुसऱ्याच गाण्याला शिट्टी सुरू झाली ती थांबेना. हाय-फायमध्ये ट्यूब शेल्फवर निवांत बसते. कॉम्बोत ती स्पीकरच्या डोक्यावर बसून हादरे खाते. तुमचं हेड आहे, त्यामुळे थोडं बरं. तरी गेन वाढवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. 'टक्' ऐकू आलं तर चालेल, घंटेसारखं घुमलं तर तिची जागा पुढच्या सॉकेटात.

पुढच्या म्हणजे फेज इन्व्हर्टरच्या, जो दोन्ही ईएल३४ना एकमेकांच्या उलट सिग्नल देतो. दुसऱ्या सॉकेटात शक्यतो नको. मार्शल धाटणीत टोन कंट्रोलच्या आधी कॅथोड फॉलोअर (सिग्नल कॅथोडवरून, म्हणजे करंट सोडणाऱ्या टोकावरून घेणारी स्टेज) असतो आणि त्याचा कॅथोड १५० ते २०० व्होल्टवर लटकलेला असतो. हीटर, म्हणजे ट्यूब तापवणारी तार, जवळपास ग्राउंडला. डेटाशीटप्रमाणे ईसीसी८३ला हीटर आणि कॅथोडमध्ये १८० व्होल्टपर्यंतच सोसतं. तिथे साधी नवी ट्यूब घाला, मेली तरी जीव हळहळणार नाही. माझ्या ॲम्पमध्ये त्या जागी जुन्या पीए ॲम्पमधून काढलेली आपल्या बंगळुरूच्या बीईएलची ईसीसी८३ कित्येक वर्षं बसली आहे.

ईसीसी८८ त्याच नऊ पिनांच्या सॉकेटात बसते म्हणून फसू नका. ईसीसी८३च्या सॉकेटात ४ आणि ५ नंबरच्या पिना जोडलेल्या असतात आणि हीटरचं दुसरं टोक ९वर. ईसीसी८८चा हीटर ४ आणि ५च्या मध्येच, ९वर नुसती शील्ड. म्हणजे ती पेटणारच नाही. वायरिंग बदललं तरी तिची प्लेट १३० व्होल्टची, तुमच्या ॲम्पमध्ये त्याहून बरंच जास्त.

केटी८८चा मोह मला कळतो, दिसते राजबिंडी. पण ट्रान्सफॉर्मर ५० वॅटचाच राहतो, त्यामुळे ताकद दुप्पट होत नाही. तिला ईएल३४पेक्षा बराच जास्त निगेटिव्ह बायस (करंट आवरणारं ग्रिडवरचं व्होल्टेज) लागतो. आहे त्या सेटिंगवर ती भरमसाट करंट खाईल. अमेरिकेत जाणाऱ्या मार्शलमध्ये एके काळी केटी८८च्याच जातीची ६५५० बसवत, पण बायसचे रेझिस्टर बदलूनच. आणि एवढं करून मिळेल काय, तर उशिरा फाटणारा आवाज, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या उलट.

पहिल्या सॉकेटातली ट्यूब बदलायला बायस करावा लागत नाही. ईएल३४ बदलाल तेव्हा करा: प्लेटची मर्यादा २५ वॅट, तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५, आणि प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर एका ट्यूबला ३९ मिलिॲम्पच्या आत. हे काम जाणकाराकडून करून घ्या. ॲम्प बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात.

केटी८८ लगेच विकू नका. वडिलांचा ॲम्प अजून माळ्यावर असेल तर त्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्या आणि पहिल्यांदा थेट प्लगला न लावता सिरीज बल्बवर (वीज आधी बल्बमधून जाईल अशा जोडणीवर) चालू करा. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद. क्षणभर उजळून मंद झाला तर ट्यूबा परत जिथल्या तिथे लावा.