जिंकत आलेला डाव हातातून जातो तेव्हा

"मॅडम, क्लबात छान खेळतो, पण स्पर्धेत जिंकत आलेला डाव घालवतो." बुद्धिबळ असो, बॅडमिंटन असो की परीक्षा, ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे सतत येते. येणाऱ्याचं निदानही ठरलेलं असतं: एकाग्रता कमी पडते. मला ते क्वचितच पटतं.

बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ आले होते, बुद्धिबळातलं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, १५०० च्या आसपास. स्पर्धेत क्लबातल्याच एका जोडीदाराशी गाठ पडली. चोविसाव्या चालीला त्यांनी घोडा जिंकला आणि एकतिसाव्या चालीला मात खाल्ली. राजासमोरची तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत, मागच्या पट्टीवर राखणीला कुणी नाही; समोरचा हत्ती सरळ आत उतरला.

"एवढं साधं दिसू नये मला?"

मी २००६ सालच्या बॉनच्या सामन्याची आठवण दिली. जगज्जेत्या क्रामनिकला डीप फ्रिट्झ या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमविरुद्ध एका चालीतली मात दिसली नव्हती.

"तो क्रामनिक आहे. त्याला माफ आहे."

"आणि तुम्हाला?"

ते गप्प झाले. पुढच्या भेटीला मी स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या चाली लिहिलेला कागद, आणायला सांगितली. चालींच्या शेजारी त्यांनी घड्याळातली वेळ टिपून ठेवली होती. घोडा मिळेपर्यंत एकेका चालीला चार-पाच मिनिटं. नंतर जेमतेम काही सेकंद. हातात अर्धा तास शिल्लक होता.

"घोडा मिळाल्यावर मनात काय आलं?"

"आता हरलो तर क्लबात तोंड दाखवायला जागा नाही. लवकर संपू दे."

गाठ इथेच होती. अनेक वर्षं विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे भावनेमागचा विचार तपासत, काम करताना मी हेच पाहत आले आहे: जिंकण्याच्या इच्छेने माणूस घाबरत नाही, हरायला मनाई केली की घाबरतो. मग तो डाव खेळत नाही, भीतीतून सुटका शोधतो, आणि ती सर्वांत लवकर मिळते घाईत.

म्हणून मी एकाग्रतेचे व्यायाम दिले नाहीत. वरचढ झालात की हात मांडीखाली ठेवा, मनात स्पष्ट म्हणा, "हाही डाव मी हरू शकतो, वाईट वाटेल, सोसेन," आणि मगच समोरच्याला काय हवंय ते शोधा. हे वाक्य घोकून उपयोग नाही, ते पटावं लागतं; आमच्या बऱ्याच भेटी त्यातच गेल्या. मुलांच्या पालकांनाही माझं सांगणं हेच: हरलेल्या डावानंतर "कुठे चुकलास?" याआधी "तेव्हा कशाची भीती वाटली?" असं विचारा.

नंतरच्या एका स्पर्धेत प्यादं जास्त असताना त्यांनी सहा मिनिटं विचार करून राजासमोरचं प्यादं पुढे सारलं आणि राजाला पळवाट करून दिली. डाव बरोबरीत सुटला. पूर्वी असा अर्धा गुण गेला की पुढची फेरीही जायची; या वेळी ते जेवून, ताजे होऊन खेळायला बसले.