यादी मागा, पण आधी फेरफाराची तारीख बघा

प्रश्न : ताई, वडिलांनी २०२१ साली वाटणी करून दिली, तेव्हापासून दोन एकर माझ्या नावावर आहे. पीएम किसानचा माझा अर्ज नामंजूर झाला. गल्लीतल्या एका नोकरदाराला मात्र हप्ता येतो. यादी मागितली, तर ‘लोकांची खासगी माहिती आहे, देता येत नाही’ असं उत्तर मिळालं. खरं काय?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : भाऊ, पीएम किसानची गावनिहाय यादी सरकारच्याच पोर्टलवर उघडी आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं दिसतात. त्यासाठी कुणाच्या टेबलाशी उभं राहायची गरज नाही.

आता तुमचं. जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला तुमच्या नावावर असायला हवी होती. त्यानंतर खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली चालते; वडील हयात असताना झालेली वाटणी चालत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण अर्ज बहुधा त्यावरच अडला. फेरफाराची, म्हणजे जमीन तुमच्या नावावर झाल्याच्या नोंदीची, तारीख बघून घ्या.

आणि तो नोकरदार शिपाई असेल तर? चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला हा लाभ चालतो. वरच्या श्रेणीचा असेल, आयकर भरत असेल, किंवा निवृत्त होऊन महिना १०,००० वा अधिक पेन्शन घेत असेल, तर नाही. चावडीवर ‘त्याला कसं मिळतं’ म्हणून तावातावाने भांडणारे मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिले. श्रेणी विचारली की निम्मे गप्प. अर्थात शंका दरवेळी खोटी नसते. जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले आणि त्यांत निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते, हे माहिती अधिकारातूनच बाहेर आलं.

पण खरं सांगू? वर्षाच्या ६,००० साठी गल्लीत वैर धरतो आपण, आणि ठिबक, ट्रॅक्टर, कांदाचाळ, शेडनेट यांचं अनुदान गावात कुणाकुणाला मिळालं, हे विचारायला कुणी जात नाही. तिथे एकेका खात्यावर लाखाच्या घरात रक्कम जाते. ते विचारा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख)(बारा) सांगतं, की अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने खासगी माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम ८(१)(ञ) बदललं, त्यामुळे ‘खासगी’ म्हणणं त्यांना सोपं झालंय. कलम ४ मात्र जागेवर आहे, आणि जनहितासाठी माहिती देता येते असं सांगणारं ८(२) सुद्धा.

अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. योजनेचं नाव, वर्ष, गाव लिहा आणि लाभार्थ्याचं नाव, बाब व रक्कम मागा. आधार आणि बँक खाते क्रमांक मागू नका. ते मिळणारही नाहीत आणि नकाराला आयतं निमित्त होईल. नोकरदाराबद्दल खात्री असेल, तर त्याच कार्यालयात पडताळणीचा वेगळा तक्रार अर्ज द्या. अपात्र ठरला तर घेतलेले पैसे परत करावे लागतात.

शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. उत्तराचे ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे, आणि उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करताना तीच जोडायची.